बाहुलेकाराचा आराखडा

फार जुन्या काळी, गावांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक बाहुलेकार राहायचा. तो गोष्टी रचायचा आणि त्याची बायको त्या गोष्टींतली माणसं हलक्या लाकडातून कोरायची. जत्रेच्या दिवशी देवळासमोरच्या पारावर दोघं दोऱ्यांनी बाहुल्या नाचवत नवी गोष्ट सांगत. त्याच पारावर त्याच्या बापानं खेळ केला होता, आजानंही केला होता. बाहुलेकाराला त्या जागेचा फार अभिमान होता, आणि स्वतःच्या डोक्याचा त्याहून जास्त.

दरवर्षी बायको विचारायची, "यंदा गोष्ट कशाची? कोण कोण कोरू?"

"कोर एखादा राजा, एखादी राणी. गोष्ट काय, बोलता बोलता सुचते," तो म्हणायचा. "आधीच ठरवली तर मजा काय राहिली?"

नशीब म्हणा, बरीच वर्षं निभावलं. मग एका जत्रेत बोलता बोलता त्याला सुचलं, की राजाला राक्षसानं पळवून नेलं. लोक सावरून बसले, पोरं आईला बिलगली, आणि पडद्यामागे बायकोनं कपाळाला हात लावला. पेटीत राक्षस नव्हताच. बाहुलेकारानं वेळ मारून न्यायला गोष्टीतल्या राक्षसाला आधी झोपवलं, मग आंघोळीला धाडलं, मग पाहुण्यांकडे जेवायला पाठवलं. लोक हसले, मग कंटाळले, मग उठून घरी गेले.

गावचे म्हातारे पाटील तेवढे थांबले. "बाबा रे," ते म्हणाले, "पुढच्या जत्रेत पुन्हा असं झालं तर हा पार दुसऱ्याला देईन. मला वाईट वाटेल, पण देईन."

हे बाहुलेकाराच्या मनाला फार लागलं. घरी येऊन त्यानं पुढच्या गोष्टीचा सगळा आराखडा कोळशानं भिंतीवर मांडला. दुष्काळात एक भाऊ धाकट्या बहिणीला रानात टाकून जातो. ती एकटी जगते, माळावर विहीर खणते, त्या पाण्याभोवती गाव वसतं. पुढे भाऊ तिला शोधत येतो, ती त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि सगळं गोड होतं. लोक कुठे रडतील, कुठे हसतील, तेही त्यानं लिहून ठेवलं. बायकोला सगळं वाचून दाखवलं आणि बजावलं, "यातलं अक्षरही हलायचं नाही."

ती कोरायला बसली. शेवटची, बहिणीची बाहुली रंगवून झाली तेव्हा जत्रा सुरूही झाली होती; ती नीट पाहायला बाहुलेकाराला वेळच उरला नाही.

खेळ सुरेख चालला. हवा तो बाहुला वेळेवर हाताशी येत होता. लोक रडायच्या जागी रडले. विहिरीला पाणी लागलं तेव्हा पाटलांनीसुद्धा डोळे पुसले.

मग शेवट आला. बाहुलेकारानं बहिणीला भावापुढे उभं केलं आणि तिची दोरी सैल सोडली. बाहुली वाकेना. त्यानं पुन्हा सोडली, तरी ती ताठच. तेव्हा त्यानं नीट पाहिलं. बाकी सगळ्या बाहुल्यांना मानेत आणि कमरेत सांधे होते. ही मात्र डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत एकाच लाकडातून कोरलेली होती.

तो बायकोकडे वळला. "हे काय केलंस?" तो पुटपुटला.

"तुमचीच गोष्ट मनात धरून कोरली," बायको हळूच म्हणाली. "रानात टाकलेली पोर, स्वतःच्या हातांनी विहीर खणलेली. किती वेळा सांधे घालून वाकवून पाहिली मी. वाकली की ती विहीर खणणारी पोर राहतच नव्हती."

"आणि भिंतीवर लिहिलंय ते?"

"भिंत घरी आहे. ही इथे उभी आहे."

बाहुलेकाराला रागही आला आणि भीतीही वाटली. त्यानं बहिणीकडे पाहिलं. वर्षभर तो तिच्याबद्दल बोलत होता, पण तिला विचारलं त्यानं कधीच नव्हतं. मग त्यानं भावाची दोरी सोडली आणि भाऊ गुडघ्यांवर आला.

"माझं चुकलं," भाऊ म्हणाला. "तहान लागलीय. देशील पाणी?"

बहीण वाकली नाही. उभ्यानंच तिनं विहिरीत पोहरा सोडला.

इथे लोक हसतील, असं भिंतीवर लिहिलं होतं. कुणी हसलं नाही. पाटील उठले आणि निघून गेले. गेला हा पार हातचा, असं म्हणत बाहुलेकारानं जड मनानं बाहुल्या पेटीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी गावानं पाहिलं. पाटलांची बैलगाडी वेशीतून आत येत होती. गाडीत त्यांची बहीण बसली होती, जिचं नावही त्या घरात कित्येक वर्षं कुणी काढलं नव्हतं. पाटील बैलांपुढे पायी चालत होते.

पाराजवळ गाडी थांबवून ते बाहुलेकाराला म्हणाले, "हिला तुझा खेळ दाखव. शेवट कालचाच ठेव."

म्हणून गोष्ट रचणाऱ्यानं आराखडा आधी जरूर मांडावा, पण गोष्टीतली माणसं उभी राहिली की मग त्यांचं ऐकावं.