जपून ठेवलेलं काळीज

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता. न्यायाला चोख, शब्दाला पक्का. चावडीवर बसला की दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय उठायचा नाही. लोक म्हणायचे, पाटलाच्या कानावर घातलं की अर्धं ओझं तिथंच उतरतं.

एके दिवशी शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांवर ओरडता ओरडता पाटलाला भोवळ आली आणि तो चावडीवरच आडवा झाला. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला आणि उचलून घरी आणलं. वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. हलकं खा, रोज चाला, वेळेवर झोपा. आणि उठसूट डोक्यात राख घालून घेऊ नका."

एवढंच. दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. पण पाटलाच्या मनात मरणाची भीती बसली होती, आणि ती भीती एकदा बसली की माणसाला कितीही पथ्य केलं तरी कमीच वाटतं.

पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी. मग दव पडलेल्या गवतावर अनवाणी फेऱ्या. मग कडुनिंबाचा रस, मग अंगाला तेल. घरातून आधी तिखट गेलं, मग तळण गेलं, मग कांदा-लसूण, आणि शेवटी मीठसुद्धा मोजकंच उरलं. त्याला चालत नाही म्हणून घरात कुणालाच चालेना, कारण नुसता फोडणीचा वास आला तरी त्याच्या पोटात आग पडायची. दुपारी तो डाव्या कुशीवर झोपला की अंगणातल्या कोंबड्यांनाही हाकलून लावायचे. पाटलीण हे सगळं हौसेनं करत होती. आपला नवरा धडधाकट राहावा असं कुणाला वाटणार नाही?

इथवर ठीक होतं. ज्याचं शरीर त्यानं जपावं, त्यात कुणाचं काय जातं? पण पाटील तिथं थांबला नाही. फेऱ्या मारता मारता एक दिवस त्याच्या मनात आलं, तोंडाचं पथ्य झालं, झोपेचं झालं, पण कानांचं काय? वाईट काही ऐकलं की छातीत धडधडतं. धडधडलं की आयुष्य घटतं. मग ऐकायचंच कशाला?

"आजपासून माझ्या कानावर फक्त चांगलं घालायचं," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "रडगाणी, गाऱ्हाणी, भांडणं, आजारपणं, काही नको. कुणी आलं तर तू दारातच ऐक आणि तुला जमेल तसं मार्गी लाव."

"अहो, पण ऐकून मला त्रास झाला तर?"

"तुझी नाडी चांगली आहे," पाटील म्हणाला आणि कानात कापसाचे बोळे घालून पुन्हा फेऱ्या मारायला गेला.

तेव्हापासून गावात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. पाटील सकाळी चावडीवर यायचा, पण फक्त चांगलं ऐकायला. कुणाची गाय व्यायली, कुणाचं लग्न ठरलं, एवढंच. आता संकट काय सांगून येतं? ज्याचं छप्पर वादळात उडालं होतं तो बिचारा हात जोडून म्हणाला, "पाटील, घरात आता उजेड लई चांगला येतो."

"वा!" पाटील खूश होऊन म्हणाला. "उजेड तब्येतीला फार चांगला."

ज्याचा बैल मेला होता तो म्हणाला, "पाटील, गोठा आता ऐसपैस झालाय." पाटलानं त्याचीही पाठ थोपटली. आणि मग हे सगळे लोक चावडीवरून उठून मागच्या दारानं पाटलिणीकडे जायचे आणि तिच्यासमोर रडायचे.

ती ऐकायची. छपराला गवत द्यायची, बैल हवा असेल तर कुणाचा तरी बैल मागून द्यायची, भांडणाऱ्यांना समजवायची. पण न्याय करण्याचा अधिकार तिला नव्हता आणि गप्प बसण्याची सोय उरली नव्हती. रात्रभर तिचा डोळा लागेना. अन्न गोड लागेना, आणि तसंही त्या घरात अन्नाला चव कुठं होती? वर्षभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

इकडे पाटलाचे गाल टवटवीत झाले. आसपासच्या गावांतून माणसं त्याला बघायला येऊ लागली. "काय तेज आहे हो पाटलांचं! काय करता काय?" असं विचारू लागली. पाटील मांडी घालून पथ्यं सांगायचा. त्या तेजासाठी तेल कुणाचं जळतंय, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. आत पाटलीण त्याच माणसांसाठी ताक घुसळत असायची.

या पाटलाला एकच मुलगी होती आणि ती शेजारच्या गावात दिली होती. संक्रांतीला ती माहेरी आली तेव्हा तिच्या मनगटावर वळ होते. "आई, आबांना सांगू का?" तिनं विचारलं.

आईनं तिला जवळ घेतलं, वळांवर हळद लावली, आणि म्हणाली, "नको गं बाई. त्यांना सोसायचं नाही. त्यांच्यासमोर हसून बोल."

मुलगी हसून बोलली. नागपंचमीला आली तेव्हा निम्मी झाली होती. सासरी दोन वेळचं पोटभर मिळत नव्हतं. पाटील म्हणाला, "बारीक झालीस! छान. वजन आटोक्यात पाहिजे." मुलीनं मान खाली घातली आणि आईनं तोंडात पदर कोंबला.

मग एक दिवस भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, मुलगी एकटी चालत आली. पायात काही नव्हतं. उजवा हात तिनं डाव्या हातानं छातीशी धरला होता, कारण तो मोडला होता. नवऱ्यानं पहार फेकून मारली होती. "आई, मी आता जाणार नाही," ती उंबऱ्याशीच बसून म्हणाली. "संध्याकाळी ते न्यायला येणार आहेत. आबांनी 'पाठवत नाही' म्हटलं तरच ते परत जातील. मी तिकडं गेले तर जिवंत राहत नाही, आई."

त्या काळची रीतच तशी होती. लग्न झालेली मुलगी बापाच्या शब्दाशिवाय माहेरी राहू शकत नव्हती. बाप म्हणाला राहा, तर राहिली. बाप गप्प बसला, तर गेली.

पाटलिणीनं वैद्यबुवांना बोलावणं पाठवलं. ते मुलीच्या हाताला बांबूच्या काड्या बांधत होते, तेवढ्यात पाटील जेवून बाहेर आला. समोर हे सगळं पाहिलं आणि त्यानं झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अहो, मुलीचा हात मोडलाय," पाटलीण म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं घरातला नियम मोडला होता.

"आत्ता नको. आत्ताच जेवलोय मी."

"त्यांनी मारलंय तिला. संध्याकाळी न्यायला येतायत. तुम्ही नुसतं नाही म्हणा."

"अगं, वैद्यबुवांनीच सांगितलंय ना, मनाला त्रास करून घ्यायचा नाही! विचार त्यांना."

वैद्यबुवांच्या हातातली पट्टी थांबली. "पाटील," ते म्हणाले, "मी राग आवरा म्हणालो होतो. लेकीकडे पाठ करा असं मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नाही. माझं नाव पुढं करू नका."

पाटलानं खिशातून कापसाचे बोळे काढले, तेलात भिजवले, दोन्ही कानांत घातले आणि डाव्या कुशीवर झोपायला आत गेला. थोड्या वेळानं त्याच्या घोरण्याचा आवाज येऊ लागला. अगदी शांत, एका लयीतलं घोरणं. पाटलीण ते ऐकत उभी होती, आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती. याच झोपेसाठी तिनं कोंबड्या हाकलल्या होत्या. याच झोपेसाठी तिनं स्वतःच्या लेकीचं तोंड बंद केलं होतं.

संध्याकाळी दारात बैलगाडी थांबली. जावई आणि त्याचा बाप उतरले. गाडी पाहून गावातली चार माणसं गोळा झाली. पाटील तोंड धुऊन, कपाळाला गंध लावून हसत हसत बाहेर आला.

"या, या पाव्हणं! सगळं छान ना?"

"झकास!" व्याही म्हणाला. "सून जरा रुसून आलीय. घेऊन जातो."

"न्या की! आपल्या घरी जायला कसली आडकाठी?" पाटील म्हणाला.

पाटलीण उठली. दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली. "मुलगी जाणार नाही," ती म्हणाली.

व्याही हसला. "बाईमाणसाच्या शब्दावर आम्ही जात नाही. मुलगी बापाची. बापानं सांगावं, ठेवून घेतो म्हणून. आम्ही आल्या वाटेनं परत जातो."

सगळ्यांनी पाटलाकडे पाहिलं. मुलगी आईच्या मागून त्याच्याकडे बघत होती. तिनं बांधलेला हात पुढं केला आणि फक्त "आबा" म्हणाली.

"असं काही माझ्यासमोर नको," पाटील पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या छातीत धडधडतंय."

"धडधडू दे!" पाटलीण कडाडली. "पोटच्या पोरीसाठी धडधडायचं नसेल, तर ते काळीज जपून ठेवलंय तरी कुणासाठी?"

मुलीचा हात अजून पुढंच होता. पाटलानंही हात उचलला. क्षणभर लोकांना वाटलं, तो तिचा हात धरणार. पण त्यानं स्वतःचंच मनगट धरलं. डोळे मिटून तो आपली नाडी मोजू लागला. मग हळूहळू पावलं टाकत आत गेला आणि त्यानं खोलीचं दार लावून घेतलं.

व्याही पुढं सरसावला. पण तोवर गोळा झालेल्या माणसांमधून एक म्हातारी काठी टेकत आली आणि पाटलिणीच्या शेजारी उभी राहिली. मग तिचा मुलगा आला. मग आणखी दोघं, मग सगळा घोळकाच. ज्यांनी ज्यांनी मागच्या दारानं येऊन त्या बाईसमोर डोळे पुसले होते, ते सगळे आज पुढच्या दारात उभे होते.

"पाव्हणं," म्हातारी म्हणाली, "बापाचा शब्द पाहिजे ना तुम्हाला? बाप नाही म्हणत नसंल तर गाव नाही म्हणतंय. पोरगी आमची हाय. गाडी वळवा."

व्याह्यानं एकदा त्या घोळक्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाडी वळवली. जावयानं मान वर करून पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलीण मुलीला घेऊन घराबाहेर पडली आणि चावडीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला गेली. लोक आपोआप तिच्याकडे न्यायाला येऊ लागले. कुणी तिला पाटलाच्या जागी बसवलं नाही, कुणी दवंडी पिटली नाही. ज्याला जे वाटतं ते बोलावं, एवढाच तिथला नियम होता. पुढे मुलीचा हात जुळला. येईल त्याला ती आधी पाणी द्यायची आणि मग आईच्या शेजारी बसायची.

आणि पाटील? तुम्हाला वाटेल त्याला काहीतरी मोठं दुखणं जडलं असेल. छे! तो खूप जगला. दात शाबूत, नजर शाबूत, पाठ ताठ. पहाटेच्या फेऱ्या चुकल्या नाहीत आणि कडुनिंबही चुकला नाही. असल्या माणसाला शंभर वर्षं मिळावीत आणि राबून मोडलेल्याला पन्नासही मिळू नयेत, याचा संताप येतो. पण आला तरी काय करता? वर्षामागून वर्षं गेली. त्याच्या दारात कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं नाही, आणि कुणी पेढे घेऊनही आलं नाही.

एकदा दुपारी त्याला झोप लागेना. घरात फार शांत होतं. कानातले बोळे काढले तरी तितकंच शांत. काहीतरी ऐकावं, काहीही ऐकावं असं त्याला वाटू लागलं, आणि कधी नव्हे तो वेळ मोडून उन्हातून चावडीपर्यंत चालत गेला.

तिथं एक तरुण बाई हमसून हमसून रडत काहीतरी सांगत होती. लोक खाली बसून ऐकत होते. पाटलाची सावली जमिनीवर पडली आणि ती बाई बोलायची थांबली. तिनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि खाली बघत बसून राहिली. बाकीचेही गप्प झाले.

"काय झालंय तिला?" पाटलानं विचारलं.

तो पुन्हा म्हणाला, "मला सांगा ना. मी ऐकतो."

पाटलिणीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग उरला नव्हता. एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याशी बोलावं तशी ती शांतपणे म्हणाली, "उन्हात उभे राहू नका. तब्येतीला बरं नाही."

पाटील वळला आणि घराकडे चालू लागला. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला, तेव्हा त्या बाईनं पुन्हा बोलायला सुरुवात केली.

आता तात्पर्य विचाराल तर सांगते: शरीर जरूर जपावं, पण ते जपण्यासाठी आपल्या माणसांचं रडणं ऐकायचं सोडून दिलं, तर जपलेलं शरीर कुणाच्याच कामाचं राहत नाही.