भाव ठरेना, गूळ मिळेना

एक होती खार. नाव तिचं झिपरी. तिच्या पिल्लाला झाला खोकला. खॉक खॉक! काढा कडू. गुळाशिवाय पिल्लू पिईना. घरात गुळाचा एकच खडा. तो निसटला, ओढ्यात पडला. बुळुक!

झिपरी निघाली बाजारात. टुणुक टुणुक!

पूर्वी गुळाचा खडा एका बोराला. आज एक, उद्याही एक. मग भाव चढला. चढला तो नाचायलाच लागला! सोमवारी चार, मंगळवारी नऊ, बुधवारी सहा. आणि बाजाराचा शिरस्ता असा, की एकदा भाव बोललं की दिवसभर तोच. मग पहिलं बोलणार कोण?

"अस्वलकाका, गूळ द्या ना!"

"करून देतो गं, पण कितीला देऊ?
उसाचा भाव कळेना, गुळाचा भाव ठरेना."

टुणुक टुणुक!

"हत्तीआजोबा, उसाचा भाव सांगा ना!
उसाचा भाव कळेना, गुळाचा भाव ठरेना."

"मी बोलू आणि फसू? वा गं शहाणे!
गाडीचं भाडं कळेना, उसाचा भाव ठरेना."

टुणुक टुणुक!

"बैलदादा, गाडीचं भाडं सांग ना!
गाडीचं भाडं कळेना, उसाचा भाव ठरेना,
उसाचा भाव कळेना, गुळाचा भाव ठरेना."

"उपाशीपोटी कसलं भाडं?
गवताचा भाव कळेना, गाडीचं भाडं ठरेना."

टुणुक टुणुक!

"शेळीमावशी, गवताचा भाव सांग ना!
गवताचा भाव कळेना, गाडीचं भाडं ठरेना,
गाडीचं भाडं कळेना, उसाचा भाव ठरेना,
उसाचा भाव कळेना, गुळाचा भाव ठरेना."

"माझं करडू गुळासाठी रडतंय. गवत स्वस्तात विकलं नि गूळ महागला, तर?
गुळाचा भाव कळेना, गवताचा भाव ठरेना."

अगं बाई! फिरून गुळापाशीच!

ऊन कललं. लांबून आवाज आला. खॉक खॉक! आता काय करावं?

झिपरीनं डोळे पुसले. "मावशी, तुला बोरं हवीत की गूळ?"

"गूळच गं."

"मग भाव बोलूच नकोस. पेंढी दे. मी खडा आणून देते. भाव किती का नाचेना, खडा तो खडा!"

"नक्की?"

"नक्की!"

शेळीनं दिली पेंढी. मग भाव कुणी बोललंच नाही, गुळात वाटा सगळ्यांचा! बैलानं खाल्ली. मचमच! बैलानं ओढली गाडी. खडखड! हत्तीनं भरला ऊस. अस्वलानं उकळला रस. रटरट! झाला गूळ.

अस्वलकाका म्हणाले, "झिपरे, सगळ्यांचं अडलेलं तू सोडवलंस. हे दोन खडे तुझे!"

एक खडा करडाला. आधी तो. दुसरा घेऊन झिपरी घरी. टुणुक टुणुक टुणुक!

पिल्लू काढा प्यालं. गटगट! गूळ चोखला. चुटुक चुटुक!

झिपरी कान देऊन बसली. खोकला नाही. आणखी थोडी बसली. खोकला नाही.

घुर्र घुर्र! पिल्लू झोपलं.