चांदीची कांडी

“मग चाचा, लावू का पाटीवर तुमचं नाव?”

सुकुमार मगदूम तिसऱ्यांदा विचारत होता. दस्तगीरचाचा बशीत चहा ओतत होते.

चाचांनी मिरजेत चाळीस वर्षं लाउडस्पीकर दुरुस्त केले. सुकुमार त्यांच्याच हाताखाली तयार झाला, पुण्याला गेला आणि चार वर्षं खपून त्यानं बड्यांच्या दिवाणखान्यात शोभेल अशी स्पीकरची जोडी बनवली. तिच्यावर गुरूचं नाव नसेल तर ती विकायचीच नाही, असं घरी सांगून आला होता.

गडी हुशार, पण तोंडाला टाळा म्हणून नाही. वायरी जोडायचे मागचे खुंट सोन्याच्या मुलाम्याचे कसे, ते आवळायला पाना वेगळा कसा, तार कुठल्या देशाची, सगळं सांगून झालं. चाचांनी खुंट बोटानं हलवून पाहिले. घट्ट होते. त्यांनी मान डोलावली.

गाणं लावलं. तंबोरा असा काही घुमला की चाचांच्या दुकानात बसलेले आम्ही सगळे चहा विसरलो. चाचांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

“फ्यूज कुठाय रं?”

सुकुमार खुलला. याच प्रश्नाची तर तो वाट पाहत होता. फ्यूजमधली ती केसाएवढी तार आवाज खाते, म्हणून तिच्या जागी त्यानं चांदीची भरीव कांडी बसवली होती.

“ब्येस,” चाचा म्हणाले.

त्यांनी गाणं थांबवलं. अँप्लिफायरचं आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि गाणं आणणाऱ्या वायरीची पिन चिमटीत धरली...

चालू मशीनची पिन उपसली की स्पीकरमधून केवढा दणका निघतो, हे मिरजेत कुणाला सांगायला नको. घरोघरी कुणीतरी हा उद्योग करतंच. सुकुमारच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं चाचांचं मनगट धरलं.

“नको चाचा. आतली कॉइल जळंल. चार वर्षं घातलीत मी यात.”

“मग गिऱ्हाइकाच्या घरी हात कोण धरणार?”

सुकुमार खाली बसला. दोन्ही स्पीकरमधल्या कांड्या काढल्या आणि चाचांच्या डब्यातले साधे काचेचे फ्यूज बसवले. या सगळ्यात तो चकार शब्द बोलला नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

चाचांनी पिन त्याच्या हातात दिली. “तूच वढ.”

त्यानं डोळे मिटले आणि ओढली.

दण्णकन आवाज झाला. खिडकीची तावदानं थरथरली. दोन्ही स्पीकर मुके.

फ्यूज उडाले होते. चाचांनी दुसरे काढून दिले. सुकुमारनं ते बसवले, बटण कमी केलं, पिन लावली आणि श्वास रोखून गाणं चालू केलं.

तंबोरा तसाच घुमला. चांदीची आठवण कुणालाही झाली नाही.

सुकुमारला हसू फुटलं, मग आवरेचना. चाचाही हसले, बशी हिंदकळली, चहा लुंगीवर सांडला, तरी हसतच होते.

“चाचा,” डोळे पुसत त्यानं विचारलं, “आता कसा वाटतोय आवाज?”

“आवाज मघाशीबी झकासच हुता. वेळेला गप बसायला मात्र आत्ता शिकला. लाव माझं नाव.”