कुसगव्हाणात हाळी बाई का देते

हा जो काळा धोंडा दिसतो ना, त्याला हाळीचा धोंडा म्हणतात. त्यावर बसू नका. फोटो काढायचा तर बाजूला उभं राहून काढा.

पाऊस सरून आश्विन लागला की गावाची पहिली हाळी इथून होते. हाळी म्हणजे दवंडी. नगरपंचायतीची घंटागाडी आहे, तिच्यावर कर्णा आहे, मोबाइलवर गावाचा ग्रुप आहे आणि त्यात दिवसभर गुलाबाची चित्रं येतात. तरी आश्विनातली पहिली हाळी धोंड्यावरूनच. टाकी धुवायची आहे, पाणी भरून ठेवा. जनावरांना खुरकताची लस शाळेच्या आवारात टोचणार. डोळे तपासायला डॉक्टर देवळात बसणार. देवीच्या वाटेवरचे दिवे लागले, आता तक्रार करू नका. असलं सगळं. हलगी पुरुष वाजवतो आणि सांगते बाई. पुरुष तोंडातून अवाक्षर काढत नाही. आलेले पाहुणे विचारतात, तो मुका आहे का? मुका नाही. रीत आहे. ती कशी पडली ते सांगतो. शेजारचे मळदवाडीवाले म्हणतात ही गोष्ट त्यांच्या गावची. त्यांच्याकडे साधं तळं नाही, आणि ही गोष्ट तळ्यावाचून होत नाही.

फार पूर्वी, गावाला वेससुद्धा नव्हती तेव्हा, सिदबा नावाचा हाळीवाला होता म्हणे. गावाची सगळी कामं त्याच्या गळ्यावर चालायची. पाऊस उघडला की तो धोंड्यावर चढायचा. गावविहीर उपसायची आहे, घरटी एक माणूस द्या. वाहून गेलेल्या वाटेवर मुरूम टाकायचा आहे. नदीला उतार पडला, होडी सुरू झाली. अमक्याची म्हैस तमक्याच्या शेतात सापडली. हे सगळं सांगणारा तो एकटा. त्याचा त्याला ताठा होता आणि तो असायला हरकत नव्हती. आवाज खणखणीत होता.

एका वर्षी पाऊस लवकर उघडला आणि भाद्रपद लागता लागता त्याला ताप भरला. अंथरुणातून उठता येईना. विहीर उपसायचा दिवस तर ठरलेला. मग त्याची बायको गोजरा हलगी गळ्यात अडकवून गेली. तिला हलगी धड वाजवता येत नव्हती. चार काड्या मारल्या आणि तिनं तोंड उघडलं.

असं सांगतात की त्या दिवशी वरच्या आळीत भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात परातीतच थांबले. खालच्या आळीत, म्हणजे तळ्याच्या उतारावर, रानबा तेल्यानं घाण्याचा बैल उभा केला. आवाज मोठा नव्हता म्हणे. पण तो ज्याच्या कानावर पडे त्याला वाटे, हे मलाच सांगितलं. विहिरीवर इतकी माणसं आली की उभं राहायला जागा उरली नाही. आधी दरवर्षी बोलावून बोलावून आणावी लागत.

सिदबाचा ताप उतरला. पहिल्याच दिवशी तो काठी टेकत वेशीच्या जागेपर्यंत गेला, तर भेटेल तो माणूस त्याच्या तब्येतीचं विचारायच्या आधी गोजराचं कौतुक करायला लागला. तो हसला. घरी येऊन जेवला नाही.

पुढची हाळी त्यानं दिली. होडी सुरू झाल्याची. लोकांनी ऐकली, पण कुणी हातातलं काम ठेवलं नाही. रानबा तेल्याचा बैल चालतच राहिला. वर रानबानं विचारलं, आज गोजराबाई का नाही आल्या? माणूस वाईट नव्हता. पण असं विचारू नये एवढं त्याला कळत नव्हतं.

तिथून सिदबा जळायला लागला. सकाळी तळ्याच्या बांधावर जाऊन समोरच्या टेकाडावर आवाज टाकायचा आणि उलटून कसा येतो ते ऐकायचा. ज्येष्ठमधाची कांडी गालात धरून हिंडायचा. तूप प्यायचा. गोजरा जात्यावर दळताना ओवी म्हणायची, तर शेजारणी आपली जाती थांबवून ऐकतात हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तिला सांगितलं, मुकाट्यानं दळ. ती मुकाट्यानं दळायला लागली. मग ती संध्याकाळी वासराला हाक मारायची, तर आपल्या वासराबरोबर शेजाऱ्याचंही वासरू यायचं. हे पाहून सिदबा वासरावर काठी घेऊन धावला म्हणे. आता वासराचा काय गुन्हा? पण जळणाऱ्या माणसाला जनावरसुद्धा वैऱ्याच्या बाजूचं दिसतं.

शेवटी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यानं तिला समोर बसवलं आणि शपथ मागितली. चारचौघांत आवाज काढणार नाही अशी. कुणी लेकराची शपथ घेतं, कुणी देवाची. यांना लेकरू नव्हतं. सिदबा म्हणाला, माझ्या गळ्याची घे.

आता तुम्ही लोक चहा घेतला नाही एवढ्यासाठीसुद्धा गळ्याला चिमटा काढून शपथ खाता. तेव्हा तसं नव्हतं. गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली त्याचा गळा जातो, अशी लोकांची खात्री होती. आणि याचं तर पोट गळ्यावर. तरी गोजरानं दोन बोटांनी त्याचा गळा धरला आणि शपथ घेतली. त्या दिवसापासून ती पाणवठ्यावरसुद्धा खुणेनं बोलायला लागली.

तरी लोक थांबेनात त्याच्या हाळीला. मग सिदबानं घाण केली. हाळीत मीठमिरची घालायला लागला. एक दिवस त्यानं हाळी दिली की घाटावरून मोठा वैद्य येतोय, डोळ्यांवरचा पडदा काढतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सकाळीच देवळात आणून बसवा. असला कोणी वैद्य नव्हताच. पण लोक धावत बाहेर आले, हातातलं टाकून आले, आणि सिदबाला तेवढंच पाहिजे होतं. खालच्या आळीनं आपली आंधळी माणसं पाठीवर बसवून देवळात आणली. ती दिवस मावळेपर्यंत बसली. रानबाची आई त्यातच होती. घरी नेताना ती म्हातारी म्हणाली म्हणे, वैद्य आला का रे? मला दिसला नाही.

त्यानंतर खालच्या आळीनं निरोप धाडला. इथून पुढं तुझ्या तोंडची हाळी आम्ही ऐकणार नाही.

नवरात्र संपत आलं आणि परतीचा पाऊस आला. हस्ताचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, नसेल तर ऑक्टोबरात या आणि भिजा. तो कोसळला आणि थोरलं तळं काठोकाठ झालं. दुपार कलताना तळ्याचा राखणदार लखू गुडघाभर चिखलात धावत आला आणि सिदबाला म्हणाला, बांधातून पाणी पाझरतंय, माती सुटली आहे, दिवेलागणीपर्यंत बांध राहत नाही, खालची आळी उठव.

सिदबा पळत धोंड्यावर आला. तेव्हा इथून खालची आळी सरळ दिसायची, मधे ही दुकानं नव्हती. त्यानं हलगी बडवली आणि ओरडून ओरडून सांगितलं. तळं फुटतंय, उठा, वर या. एक दार उघडलं नाही. पुन्हा ओरडला. तेव्हा रानबा तेली डोक्यावर पोतं घेऊन उंबऱ्यात आला आणि म्हणाला, "सिदबा, काल वैद्य आणलास, आज तळं आणलंस. घरला जा. आन खरंच आसंल, तर गोजराबाईला सांगू दे. तिनं सांगितलं तर तान्ही लेकरं घिऊन वर येतो."

असं सांगतात की सिदबा हे ऐकून धोंड्यावर तसाच उभा राहिला. मागं तळं, पुढं आळी, आणि तो उभा. त्या घटकेलासुद्धा तो आधी जळला. माणसं मरतील हे त्याला नंतर सुचलं. हे गावात कुणी लपवत नाही. खरी गोष्ट आहे ती सांगायची.

गोजरा तोवर हलगीचा आवाज ऐकून आली होती. धोंड्याच्या पायथ्याशी पावसात उभी. पदर तोंडात कोंबलेला. लखूनं तिला हात जोडले, म्हणाला, वहिनी, तुम्ही सांगा. तिनं मान हलवली. नाही. लखूला वाटलं, बाई निर्दय आहे. तिनं सिदबाच्या गळ्याकडं बोट केलं तेव्हा त्याला शपथेचं कळलं.

मग सिदबा खाली उतरला. गळ्यातली हलगी काढली नाही. तिच्यासमोर आला आणि म्हणाला, "बोल."

तिनं पुन्हा मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी जात होतं की पाऊसच होता, देव जाणे.

"गोजरे, तुझ्यासारखा आवाज मला सात जन्मांत यायचा न्हाई. म्हनून तर तुझं तोंड बांधलं. जाऊ दे माझा गळा. बोल."

आणि तिच्या दंडाला धरून त्यानं तिला धोंड्यावर चढवलं. स्वतः मागं उभा राहून हलगी वाजवायला लागला.

गोजरा काय बोलली ते कुणालाच नीट सांगता येत नाही. कुणी म्हणतं तिनं आळीतल्या एकेकाचं नाव घेतलं. कुणी म्हणतं नुसतं "वर या हो" म्हणाली. पण आळीतलं एकेक दार उघडलं. लोक गोधड्यांत गुंडाळून म्हातारी घेऊन आले, शेळ्या आणल्या, उकळत्या भाताचं भांडंसुद्धा एकीनं तसंच आणलं. रानबानं आईला पाठीवर घेतलं आणि बैलाची दोरी दातात धरली. दिवे लागायच्या आधी बांध फुटला. खालची आळी भुईसपाट झाली. माणूस एक गेलं नाही. रानबाचा घाणा तेवढा वाहून गेला, तो पुढं मळदवाडीच्या शिवारात सापडला आणि त्यांनी परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सिदबाच्या तोंडून आवाज फुटेना. शिकलेले लोक म्हणतात, पावसात ओरडून त्याच्या गळ्याच्या शिरा तुटल्या. तुटल्या असतील. गोजराला त्यांनी हे सांगून बघायला पाहिजे होतं. तिनं वर्षभर वेणी घातली नाही म्हणे. धोंड्यावर चढायलाही तयार होईना. मग सिदबाच एका सकाळी हलगी अडकवून तिच्यापुढं उभा राहिला आणि काडी मारायला लागला. ती उठेपर्यंत थांबला नाही. तेव्हापासून हलगी त्याची आणि बोल तिचे.

इथं बरेच जण गोष्ट संपवतात. देवळातला पुजारीसुद्धा इथंच संपवतो आणि म्हणतो, सिदबाचा मत्सर पुरात वाहून गेला. खोटं आहे ते. मत्सर असा जात नाही.

गोजरा हाळी दिली की शेवटी "हो" म्हणायची. विहीर उपसायला या हो. होडी लागली हो. तो "हो" ती लांब सोडायची. सगळा जीव त्यात असायचा. आणि नेमका तो आला की सिदबा हलगीवर काडी हाणायचा. एकच, जोरात. "हो" झाकला जायचा. आधी लोकांना वाटलं चुकून झालं. पण दर हाळीला तेच. मग गोजरा कधी "हो" लवकर म्हणायची, कधी थांबून म्हणायची, त्याला चकवायला. तो चकायचा नाही. पाठमोऱ्या बायकोच्या खांद्याकडं बघून त्याला कळायचं, आता श्वास घेतला. लोक हाळी ऐकायला यायचे ते अर्धे हे बघायला यायचे. रानबा तर मोठ्यानं म्हणायचा, आज पण बुडवला रे हिचा. गोजरा खाली उतरून नवऱ्याकडं रागानं बघायची आणि तो आभाळाकडं बघायचा. म्हातारी होईपर्यंत त्यांचं हे चाललं. बाकी संसार चांगला केला म्हणतात.

मग सिदबा गेला. आश्विनच होता. गावकरी म्हणाले, गोजराबाई, आज दुसरं कुणी सांगेल. ती म्हणाली, त्यांची हाळी मीच देणार. हलगी घरात खुंटीला होती. ती रिकाम्या हातानं या धोंड्यावर चढली आणि म्हणाली, "सिदबा हाळीवाला गेला हो."

तो "हो" झाकायला कुणी नव्हतं. तो तळ्यावरून गेला, टेकाडाला लागून परत आला, आळीआळीतून फिरला. एवढा आवाज त्यात होता हे गावाला त्या दिवशी कळलं. आणि गोजरा, असं सांगतात, श्वास घेऊन मागं वळून बघत होती. "हो" संपला तरी बघत होती.

ती पुढंही पुष्कळ वर्षं हाळी देत होती. पण हलगीवर जो नवा माणूस आला त्याला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, शेवटचा "हो" माझा ऐकू येता कामा नये.

आजही कुसगव्हाणात हाळीचा शेवटचा "हो" कुणाला ऐकू येत नाही. त्यावर काडी पडते. वाजवणारा आपल्या बहिणीच्या मागं उभा असो, बायकोच्या असो, तो तिचे खांदे बघत असतो. आणि एखाद्या वेळी नवखा पोरगा चुकला, "हो" उघडा सुटला, तर पाणी बंद आहे की लस टोचायची आहे हे कुणी ऐकत नाही. दारादारातून बाया बाहेर येतात आणि विचारतात, कोण गेलं?