चिताऱ्याने पुसलेला मोर

फार फार जुनी गोष्ट. एका डोंगराळ राज्यात एक चितारी राहत होता. त्याने पोपट रंगवला तर मांजर टपून बसायचं, असा त्याचा हात.

तिथल्या राणीने गावात पहिली शाळा काढली आणि चिताऱ्याला सांगितलं, "लहानग्यांसाठी लाकडी पाट्या रंगव आणि त्यांवरून त्यांना वाचायला शिकव. वर चित्र, खाली शब्द. वर्षभराने मी येईन. मुलं वाचू लागली असतील तर शाळा राहील, नाहीतर ती पुन्हा गुरांमागे जातील."

चितारी जीव ओतून कामाला लागला. आंब्याच्या देठाजवळचा चीकसुद्धा त्याने रंगवला. मोराच्या पिसाऱ्यावर महिना घालवला. खालचा शब्द मात्र उरलेल्या रंगात, उरलेल्या जागेत. पाटी वर धरली की मुलं एका सुरात 'मोर' म्हणायची. चिताऱ्याला वाटायचं, पोरं वाचायला लागली.

राणी यायला दोन महिने उरले असताना त्याने सहज मातीत बोटाने 'मोर' असं लिहिलं आणि भिवरी नावाच्या चुणचुणीत मुलीला विचारलं, "हे काय गं?"

भिवरीने वाकून मातीकडे बघितलं. "काका, इथं काहीच नाही."

"अगं, रोज तर वाचतेस."

"रोज मोर असतो ना. तुमचा मोर एवढा देखणा, खाली कोण बघतंय?"

चिताऱ्याला आधी राग आला, मग लाज वाटली. मुलं वाचत नव्हती, त्याच्या चित्रावर भाळली होती, आणि मनातून त्याला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ओल्या फडक्याने सगळ्या पाट्या घासून पुसल्या. मोर पुसताना त्याचे डोळे भरून आले. मग प्रत्येक पाटीवर त्याने ठसठशीत शब्द लिहिला आणि वर चित्राच्या दोनच रेघा ओढल्या. मुलांना म्हणाला, "शब्दावर बोट फिरवा, ओळखा आणि उरलेलं चित्र तुम्ही काढा."

मोराच्या पाटीवर नुसती मान आणि चोच बघून कुणी बदक म्हणालं, कुणी बगळा. मुलं भांडली, अडखळली. शेवटी शब्दाकडे वळून एकेक अक्षर लावल्याशिवाय भांडण मिटेना.

राणी आली. वेडेवाकडे मोर बघून म्हणाली, "तुझा हात बिघडला की काय?"

"मुद्दाम आवरलाय, राणीसाहेब."

राणीने जमिनीवर, कुठल्याच पाटीवर नसलेला एक शब्द लिहिला. भिवरीने त्यावर सावकाश बोट फिरवलं आणि वाचलं, "शाळा."

शाळा राहिली.

तात्पर्य: शिकवणाऱ्याने आपली कला एवढीच दाखवावी, की शिकणाऱ्याला काही करायला उरेल.