फेट्याच्या अलीकडे

दसऱ्याच्या सकाळी घाटाच्या उतारावर पोलिसांची नाकाबंदी होती आणि नेमकी दूध संघाचे अध्यक्ष आनंदराव खराडे यांची जीप वरून आली. ती कशीबशी थांबली. ड्रायव्हरने उडी मारून आधी चाकाला दगड लावला.

फौजदार तांबेबाईंनी कागद मागितले. विमा संपलेला होता, कर थकलेला होता.

"अहो बाई, सत्काराला निघालोय," डोक्यावरचा भरजरी फेटा सावरत आनंदराव गरजले. "कागदांचं काय घेऊन बसलात? आत्ताच गाडीची पूजा केलीय. ब्रेक एकदम ठणठणीत आहेत!"

आम्ही बघे बाईंकडे बघू लागलो. या माणसाने आधीच्या फौजदारांची महिनाभरात बदली करवली होती.

बाईंचा आवाज जराही चढला नाही. "मग कागदांचं नंतर बघू. तुमचा फेटा गाडीपुढे थोड्या अंतरावर रस्त्यात ठेवा. ड्रायव्हर दगड काढेल, गाडी सोडेल आणि फेट्याच्या अलीकडे थांबवेल."

आनंदरावांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर खाली दगडाकडेच बघत राहिला. फेट्यावरचा हात काही निघेना.

"फेट्याला जपताय, बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "पण खाली बाजारात झेंडू विकणाऱ्या बायका रस्त्यालाच बसल्यात. त्यांच्यावर हीच गाडी सोडायला निघाला होतात ना?"

माझी बायकोही त्यांच्यातच बसली होती.

जीप दगडाच्या आधाराने तिथेच राहिली आणि अध्यक्ष घाट पायी उतरले. झेंडूवाल्या बायकांसमोरून जाताना त्यांचा फेटा काखेत होता.