अब्रू राखल्याचा पुरावा

इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत पारसनीस नावाचे मॅनेजर होते. दुसऱ्याच्या अर्जात खोड काढणं हा त्यांचा आवडता उद्योग. तिथे फोनवर बसणाऱ्या सुनंदा गुरवने जनसंपर्क अधिकाऱ्याच्या जागेसाठी बायोडेटा दिला, तेव्हा त्यांनी तो तिच्यासमोरच भिरकावला. “‘फोन घेते’ हे काय लिहिणं झालं? तुम्ही फोन घेतल्याने गिरणीचं काय भलं झालं, ते लिहा.”

मुलाखतीला चेअरमन अण्णासाहेब स्वतः बसले होते. पारसनीसांनी तिचा नवा बायोडेटा हसत हसत मोठ्याने वाचला. “‘चिडलेले व्यापारी शांत केले. वरिष्ठांची अब्रू रोज राखली.’ बाई, अब्रू राखल्याचा पुरावा काय?”

“आहे ना साहेब. कालच दुपारी अण्णासाहेबांचा फोन आला होता.”

पारसनीसांच्या तोंडचं पाणी पळालं. काल दुपारी ते केबिनला कडी लावून घोरत होते, आणि ‘साहेब खात्यात फेरीला गेलेत’ असं सांगून या बाईनेच वेळ मारून नेली होती.

“मग सांगा की,” अण्णासाहेब म्हणाले.

सुनंदा शांतपणे म्हणाली, “सांगितलं असतं. पण पुरावा दिला, की तीच ओळ खोटी ठरेल. आणि बायोडेटात खोटं लिहू नये.”

अण्णासाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग घामाने डबडबलेल्या पारसनीसांकडे.

“बाईंना उद्यापासून घ्या,” ते म्हणाले. “आणि पारसनीस, तुमचाही बायोडेटा आणा. तुमच्यामुळे गिरणीचं काय भलं झालं, तेवढंच लिहा.”